अंगाच्या मापाचं धनुष्य

५ ऑगस्ट २०२३. बर्लिनमध्ये तिरंदाजीच्या जागतिक स्पर्धेतल्या कंपाउंड प्रकाराच्या वैयक्तिक अंतिम फेऱ्या होत्या. साताऱ्याच्या अदिती स्वामीनं मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पोलंडच्या लुकाश प्शिबिल्स्कीविरुद्ध पंधरा बाण सोडले आणि पंधराच्या पंधरा दहाच्या वर्तुळात बसवले. १५० पैकी १५०. समोरच्यानं १४९ करूनही तो हरला. हे दोघंही तेव्हा सराव करायचे साताऱ्यात, प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्याकडे, उसाच्या फडातून काढलेल्या मैदानावर.

दहाचं ते वर्तुळ आठ सेंटिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे साधारण चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. अंतर पन्नास मीटर, क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तर होईल तेवढं. टीव्हीवर हे पाहिल्यावर अनेक घरांत मुलामुलींनी धनुष्य मागितलं, आणि आईबापांनी ओळखीच्या तिरंदाजाला फोन करून विचारलं, ‘कुठलं घेऊ?’ मलाही असे फोन येतात. विचारणाऱ्याला कंपनीचं नाव हवं असतं. मी उलट विचारतो, ‘दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत किती इंच भरतात?’ पलीकडे जरा शांतता पसरते. मग घरात टेप शोधण्याची धावपळ ऐकू येते.

बांबूचं धनुष्य कुणीही कितीही ओढावं. जितकं ओढाल तितकं ते येतं. चाकांच्या कंपाउंड धनुष्याचं तसं नाही. ते ठरावीक लांबीपर्यंत येतं आणि भिंतीला टेकल्यासारखं थांबतं. ती भिंत तुमच्या हाताच्या मापावर हवी. त्यामुळे कंपाउंड घेणं हे गाडी घेण्यापेक्षा शिंप्याकडे जाण्याच्या जवळचं काम आहे. हे असं का, ते समजायला धनुष्याच्या पोटात डोकवावं लागतं.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात हॉलेस विल्बर ॲलन नावाचा एक हौशी शिकारी होता. हरणावर बाण सोडला की दोरीचा आवाज ऐकून हरीण दचकतं आणि बाण पोचेपर्यंत जागा सोडतं, ही त्याची तक्रार. बाणाला वेग हवा होता. त्यानं एका धनुष्याची टोकं कापली आणि तिथे चाकं बसवली. १९६६ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ च्या डिसेंबरात ते मिळालं. कॅलिफोर्नियातले धनुष्य बनवणारे टॉम जेनिंग्ज यांनी हे चाकांचं, म्हणजेच कंपाउंड धनुष्य बाजारात आणलं. हजारो वर्षं माणसानं लाकूड, शिंग, स्नायूंचे तंतू, फायबरग्लास असं काय काय वापरून धनुष्य सुधारलं होतं, पण चाक बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ॲलनची खरी करामत चाकात नव्हती, चाकाच्या आसात होती. विहिरीवरच्या रहाटाचं चाक मधोमध फिरतं. ॲलननं आस मुद्दाम मध्यापासून बाजूला सरकवला. असं चाक फिरताना डुगडुगतं. सुरुवातीला दोरी आसाच्या जवळून सुटते, म्हणून ओढ जड लागते. चाक फिरत गेलं की दोरीची बाजू आसापासून लांब जाते आणि धनुष्याच्या पात्यांना वाकवणारी केबल आसाजवळ येते. तरफेचा लांब दांडा आता तुमच्या हातात आला. त्यामुळे ओढीच्या शेवटी वजन एकदम उतरतं. या उतरण्याला तिरंदाज ‘लेट ऑफ’ म्हणतात. आजच्या धनुष्यांत ते बहुधा ७५ ते ८५ टक्के असतं. साठ पाउंडाचं धनुष्य ८० टक्के लेट ऑफचं असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातात उरतात बारा पाउंड. साडेपाच किलो, म्हणजे भाजीची एक भरलेली पिशवी. ऑलिंपिकमध्ये दिसणाऱ्या रिकर्व्ह धनुष्यात नेमका याच क्षणी सगळा भार बोटांवर असतो. कंपाउंडवाला तिथे उभा राहून श्वास सावरतो.

आता हे चाक गोल राहिलेलं नाही. त्याला कॅम म्हणतात आणि ते वाकड्यातिकड्या भोपळ्याच्या फाकेसारखं दिसतं. दोन्ही टोकांना सारखे कॅम, एकाच टोकाला कॅम, दोघांचं मिश्रण असे प्रकार आहेत. दुकानदार यावर अर्धा तास बोलू शकतो. नव्या माणसानं ते ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं. दोन्ही कॅम एकाच वेळी थांबतात का, एवढं तपासून घेतलं की पुरे.

तर माप. हात पसरून मिळालेल्या इंचांना अडीचनं भागायचं. ६७ इंच आले तर उत्तर पावणेसत्तावीसच्या आसपास. ही तुमची ‘ड्रॉ लेंग्थ’. हा अंदाज आहे. खरं माप धनुष्य हातात घेऊन आणि आरशासमोर उभं राहूनच ठरतं, आणि त्यात अर्ध्या इंचाचाही फरक कळतो. माप जास्त झालं तर धनुष्याच्या हाताचं कोपर ताठ होतं, खांदा कानाकडे चढतो, मान मागे जाते, आणि सुटलेली दोरी कोपराच्या आतल्या बाजूला सपकन बसते. कमी झालं तर माणूस आखडून उभा राहतो आणि पाठीच्या स्नायूंना कामच मिळत नाही.

हे मी अंगावरच्या वळांमुळे शिकलो. माझं पहिलं कंपाउंड २९ इंचांचं होतं. माझं माप सत्तावीस. विकणाऱ्यानं सांगितलं, ‘लांब घ्या, वेग जास्त मिळेल, हळूहळू अंगवळणी पडेल.’ दोन इंच अंगवळणी पडत नाहीत. आठ महिने माझं डावं कोपर जांभळं होतं आणि बाण कायम डावीकडे जात होते, आणि मी मात्र नेम धरायच्या साइटचे स्क्रू फिरवत बसलो होतो. वेगाचं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जास्त लांब ओढलं की बाणाला जास्त वेळ ढकललं जातं आणि वेग वाढतो. फक्त तो बाण कुठे जातो हे त्यानं सांगितलं नाही.

म्हणून धनुष्य बघताना आधी विचारायचं, की याचं माप कसं बदलतं. काही धनुष्यांत कॅमवर एक छोटी पट्टी असते, ज्याला मॉड्यूल म्हणतात. दोन स्क्रू सैल करून ती फिरवली की अर्ध्या इंचाच्या टप्प्यानं लांबी बदलते. काहींत मॉड्यूल विकत घेऊन बदलावा लागतो, काहींत अख्खा कॅम, आणि त्यासाठी धनुष्य दाबून धरणारं प्रेस यंत्र लागतं. वाढत्या वयाच्या मुलासाठी पहिला प्रकारच घ्या. डायमंडचं इन्फिनिट एज प्रो किंवा बेअरचं क्रूझर यांसारखी धनुष्यं शाळकरी पोरापासून सहा फुटी बापापर्यंत सगळ्यांच्या मापाला आणता येतात. अव्वल तिरंदाज त्यांच्याकडे नाक मुरडतात. मुरडू द्या. मूल दर वर्षी वाढत असताना नेमक्या मापाचं महागडं धनुष्य घेणं म्हणजे पाचवीतल्या पोराला लग्नाचा सूट शिवण्यासारखं आहे.

मापानंतर डोळा. तुम्ही उजव्या हातानं जेवता म्हणून उजवं धनुष्य घ्यायचं, असं नाही. दोन्ही तळहातांचा छोटा त्रिकोण करून त्यातून लांबचा विजेचा खांब बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं खांब त्रिकोणातच राहतो तो तुमचा बलवान डोळा. हात उजवा आणि डोळा डावा असेल, तर अगदी नवख्यानं डाव्या हातानं शिकावं असं माझं मत आहे. सगळे प्रशिक्षक हे मान्य करणार नाहीत. पण पहिल्या महिन्यातच बदललं तर त्रास कमी, तिसऱ्या वर्षी फार.

आता पाउंड, अर्थात ‘ड्रॉ वेट’. इथे माणसाचा, विशेषतः तरुण पुरुषाचा, अहंकार आड येतो. मराठीत आपण अवघड कामाला शिवधनुष्य पेलणं म्हणतो; दुकानात सत्तर पाउंडाचं धनुष्य उचललं की प्रत्येकाला आपण जनकाच्या दरबारात उभे आहोत असं वाटतं. दोरी ओढताना धनुष्य आकाशाकडे, मग खांद्याची झटापट, मग कशीबशी भिंत गाठायची. बघणाऱ्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या की खरेदी पक्की.

एक साधी परीक्षा आहे. खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, धनुष्य समोर लक्ष्याच्या दिशेनं सरळ धरा आणि ओढा. हात वर न नेता, झटका न देता दोरी आली आणि अर्धं मिनिट धरून ती तितक्याच शांतपणे परत सोडता आली, तर ते वजन तुमचं. नाही आली तर पाच पाउंड खाली या. लक्ष्यभेदासाठी वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमांत कंपाउंडची कमाल मर्यादा साठ पाउंड आहे. त्यामुळे मैदानावर सत्तर पाउंडाला जागाच नाही. शिवाय पात्रता फेरीत ७२ बाण सोडायचे असतात. साठ पाउंड म्हणजे २७ किलो. बहात्तर वेळा ओढलं की दिवसअखेर जवळजवळ दोन टन ओढून झालेले असतात, सरावाचे बाण वेगळेच.

बहुतेक धनुष्यांचं वजन त्यांच्या वरच्या मर्यादेपासून साधारण दहा पाउंड खाली आणता येतं. पात्यांच्या बुडाशी असलेले बोल्ट सैल करून. साठवाल्याला पन्नासवर आणता येतं, त्याखाली नाही. प्रौढ पुरुषानं पन्नासचं घेऊन चाळीस-बेचाळीसवर सुरुवात करावी. बाईमाणसानं वा किशोरवयीन मुलानं चाळीसचं घेऊन तीसवर. सहा महिन्यांनी एकेक फेरा कसत वर जायचं. बोल्ट वर आणि खाली सारखेच फिरवायचे, नाही तर दोन्ही कॅमची वेळ जुळत नाही. आणि किती फेरे सैल चालतात ते पुस्तिकेत वाचूनच, कारण मर्यादेबाहेर सैल केलेला बोल्ट सुटला की पातं तोंडावर येतं.

साधनांच्या दुकानात प्रत्येक धनुष्याला एक पट्टी टांगलेली असते आणि त्यावर मोठ्ठा आकडा असतो : ३४०, ३४५. हे फूट प्रति सेकंद. ३४० म्हणजे ताशी ३७० किलोमीटरच्या वर. ऐकून छाती फुगते. पण हा आकडा काढताना धनुष्य ७० पाउंडांवर लावलेलं असतं, ३० इंच ओढलेलं असतं आणि बाण असतो ३५० ग्रेनचा, म्हणजे अवघ्या बावीस-तेवीस ग्रॅमचा. तिरंदाजांचा ठोकताळा असा, की लांबी एक इंच कमी झाली की दहा फूट वजा, पाउंड एक कमी झाला की दोन फूट वजा. आता माझं बघा. लांबी सत्तावीस, म्हणजे तीस फूट गेले. वजन पन्नास, म्हणजे चाळीस गेले. उरले २७०. दोरीवर नेम धरताना ज्यातून बघायचं तो पीप आहे, दोरी पकडायचा फास म्हणजे डी-लूप आहे, त्यांचे काही फूट गेले. बाण जरासा जड घेतला, आणखी गेले. पट्टीवर ३४० आणि हातात २५५. आणि या २५५ वर मी जे गुण घेतो ते ३४० च्या मोहात घेत नव्हतो.

वेगाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. दोरी स्थिर असताना मुठीपासून तिचं जे अंतर असतं त्याला ‘ब्रेस हाइट’ म्हणतात. ते कमी असलं, समजा सहा इंच, की दोरी बाणाला जास्त वेळ ढकलते. वेग वाढतो. पण तितका जास्त वेळ बाण दोरीवर असतो आणि सुटतानाची तुमची प्रत्येक थरथर तो सोबत घेऊन जातो. सात इंच किंवा त्याहून जास्त असलं की बाण लवकर मोकळा होतो, चूक माफ होते. दुसरं माप दोन्ही आसांमधल्या अंतराचं. २८ ते ३२ इंचांची आखूड धनुष्यं हलकी आणि झाडीत वावरायला सोपी. पण ओढल्यावर दोरीचा कोन तीव्र होतो आणि नाकाजवळ ती नीट टेकत नाही, लांब हातांच्या माणसाला तर अजिबातच नाही. मैदानावरच्या खेळाडूंच्या हातात ३६ ते ४० इंचांची धनुष्यं दिसतात. ती जड आणि आळशी असतात, आणि नेम धरताना हाच आळशीपणा कामाला येतो. हवेच्या झुळकीनं आखूड धनुष्य नाचतं, लांब धनुष्य जरा डोलतं.

आता ॲलनच्या हरणाकडे वळू, कारण धनुष्याचा बाजार आजही मुख्यत्वे त्याच्यासारख्या शिकाऱ्यांवर चालतो.

आधी आपल्या इकडचं सांगून टाकतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, मग हत्यार कुठलंही असो. त्या कायद्यातल्या ‘हत्यार’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरता येत नाही. म्हणून सुट्टीत जंगलाकडे निघालेल्या तिरंदाजानं डिकीत धनुष्य टाकून नेऊ नये. ‘सरावाला आणलंय’ हे वनरक्षकाला पटवताना संध्याकाळ होईल. ब्रिटनमध्येही धनुष्यानं शिकार करता येत नाही. अमेरिकेत मात्र ती कायदेशीर आहे आणि तिला परवाना, हंगाम, किमान पाउंड असे पुष्कळ नियम आहेत. अलास्कात अस्वलांच्या मोठ्या जातीसाठी आणि मूससाठी किमान पन्नास पाउंडाचं धनुष्य लागतं, हरणासाठी चाळीस चालतं. तिथे धनुष्यांवर आणि बाणांच्या सामानावर केंद्र सरकार जो उत्पादन कर घेतं तो वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राज्यांना वाटला जातो. १९३७ च्या मूळ कायद्यात बंदुका आणि काडतुसं होती, १९७२ मधल्या दुरुस्तीनं धनुष्यंही आली. ज्या वर्षी आपण शिकारीला आवर घालणारा कायदा केला त्याच वर्षी त्यांनी शिकाऱ्याच्या धनुष्यातून जंगलासाठी पैसे काढायची सोय केली. दोन देशांनी एकाच प्रश्नाला दिलेली ही दोन उत्तरं; मला आपलं जास्त पटतं, पण त्यांचं मूर्खपणाचं म्हणता येत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि ऑफिसातल्या सहकाऱ्यांसोबत पहिल्यांदा हरणाच्या हंगामाला निघालेल्या मराठी माणसासाठी पुढचं गणित. बाणाचा वेग धरा सेकंदाला ८२ मीटर, आवाजाचा सुमारे ३४०. हरीण वीस मीटरवर. दोरीचा ‘टंक’ त्याच्या कानाशी पोचायला सहा शतांश सेकंद लागतात, बाण पोचायला पाव सेकंद. मधल्या जवळजवळ दोन दशांश सेकंदांत बावचळलेलं हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली बसतं, आणि बाण पाठीवरून जातो. चाळीस मीटरवर त्याच्याकडे दुप्पट वेळ असतो. बाणाचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला तरी वीस मीटरवर फरक पडतो सेकंदाच्या जेमतेम सव्वादोन शतांशाचा. ॲलनचं धनुष्य लाकडी धनुष्यापेक्षा पुष्कळ वेगवान होतं, पण आवाजाला काही ते गाठू शकलं नाही, कुठलंच धनुष्य गाठू शकत नाही. त्यामुळे जाणता शिकारी वेगामागे न लागता आवाज मारतो. जड बाण घेतो, कारण जड बाण धनुष्यातली जास्त ऊर्जा सोबत नेतो आणि खडखडायला मागे थोडी ठेवतो. दोरीला रबराचे गोंडे लावतो. जवळ जातो.

किती जवळ, हे ठरवायची शिकाऱ्यांची जुनी पद्धत मला फार आवडते. कागदाची जेवणाची थाळी साधारण हरणाच्या हृदय-फुप्फुसांच्या जागेएवढी असते. ती टांगायची. ज्या अंतरावरून थंड हातांनी सोडलेला पहिलाच बाण दर वेळी थाळीत बसतो ते तुमचं शिकारीचं अंतर. पाचातले चार बसले तर ते अंतर तुमचं नाही. पाचव्या बाणाचं हरीण जखमी होऊन रानात मरतं.

शिकारीच्या धनुष्याची निवड या सगळ्यातून आपोआप ठरते. झाडावर बांधलेल्या मचाणावर बसायचं, म्हणून आखूड, तीसच्या आसपास. हरीण झाडाआडून बाहेर यायची वाट पाहत धनुष्य पूर्ण ओढून धरावं लागतं, म्हणून लेट ऑफ भरपूर. नोव्हेंबरच्या थंडीत दोन तास निश्चल बसल्यावर स्नायू आखडतात आणि उन्हाळ्यात सहज येणारे साठ पाउंड येईनासे होतात, म्हणून वजन आपल्या ताकदीपेक्षा पाच-सात पाउंड कमी. आणि जाड जाकिटाच्या बाहीला दोरी अडकते, म्हणून सरावही जाकीट घालूनच. मैदान आणि रान दोन्हींसाठी एकच धनुष्य हवं असेल तर ३३-३४ इंचांचं, सात इंच ब्रेस हाइटचं, साठपर्यंत जाणारं घ्यावं. ते दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकाचं असतं, पण पुष्कळांना तेवढं पुरतं. भारतात रानातल्या तिरंदाजीची हौस असलेल्यांसाठी फोमची जनावरं उभी करून खेळली जाणारी ‘थ्री-डी’ तिरंदाजी हा बिनरक्ताचा मार्ग आहे.

बाणाबद्दल लोक शेवटी विचारतात आणि तिथेच फसतात. बाण म्हणजे काडी नव्हे. सुटताना तो माशासारखा वळवळतो, आणि किती वळवळावा याला माप आहे, ते म्हणजे ‘स्पाइन’. अठ्ठावीस इंचांच्या अंतरावर बाण दोन टोकांना टेकवून मध्ये ८८० ग्रॅमचं वजन टांगतात. तो इंचाच्या हजारांशात जितका वाकतो तो आकडा. ५०० चा बाण अर्धा इंच वाकतो, ३४० चा कमी. म्हणजे आकडा लहान तितका बाण कडक, हे उलटं लक्षात ठेवावं लागतं. पन्नास पाउंडाला आणि सत्तावीस इंचांना जो बाण चालतो तो साठला आणि एकोणतीसला चालत नाही. कंपनीचा तक्ता असतो, त्यात बघून घ्यायचं. फार हलका बाण घेऊ नये. धनुष्याच्या दर पाउंडामागे किमान पाच ग्रेन वजन हवं. त्याखाली गेलं की बाण जवळजवळ नसल्यासारखाच, आणि बाण नसताना दोरी सोडणं हे कंपाउंडच्या जिवावर बेततं. जी ऊर्जा बाणानं न्यायची ती पात्यांत आणि केबलमध्ये फुटते. दुकानात ‘नुसतं ओढून बघू’ म्हणणाऱ्याच्या बोटातून दोरी सुटली आणि धनुष्याचे तुकडे झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कार्बनचा बाण दर वेळी सोडण्याआधी कानाजवळ नेऊन हलकेच वाकवायचा. कुरकुरला तर मोडून कचऱ्यात. तडा गेलेला बाण सुटताना फुटला तर त्याच्या काड्या पुढच्या हातात घुसतात.

आणि पैसे. पूर्ण रक्कम धनुष्यावर घालू नका. निम्मी साइट, रिलीज, बाण, भाता आणि धनुष्य स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर यांसाठी ठेवा. पन्नास मीटरपर्यंत जायला बाणाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तो दीड-दोन मीटर खाली पडतो, म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढा. स्वस्तातली साइट धक्क्यांनी किंचित सैल झाली की हे सगळं गणित ढासळतं. रिलीज म्हणजे दोरी पकडून ठेवणारं हातातलं छोटं यंत्र. मनगटाला बांधून तर्जनीनं दाबायचं एक असतं, शिकारी बहुधा ते वापरतात. मैदानावरचे बहुतेक खेळाडू अंगठ्याच्या खटक्याचं किंवा पाठीच्या ताणानं आपोआप सुटणारं वापरतात. रिकर्व्हवाला तीन बोटांनी ओढतो, त्याला अंगठा लागत नाही. एकलव्याला त्या प्रकारात अंगठ्यावाचूनही निभावलं असतं, अंगठ्याच्या खटक्यानं कंपाउंड मारताना मात्र द्रोणाचार्यांनी मागितलेली दक्षिणा फार महाग पडली असती. नव्या माणसानं अंगठ्याचं घ्यावं. तर्जनीवाल्या रिलीजनं नेम मध्यावर आला की बोट आपसूक झटका देतं आणि ती सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही.

रिलीज आणि लेट ऑफ यांमुळेच पॅरिस पॅरालिंपिकमध्ये २०२४ साली एक दृश्य दिसलं. जम्मूमधल्या किश्तवाडची शीतल देवी जन्मतः हातांशिवाय आहे. ती खुर्चीवर बसते, उजव्या पायानं धनुष्य धरते, खांद्याला बांधलेल्या साधनानं दोरी ओढते आणि जबड्यानं सोडते. राकेश कुमारबरोबर मिश्र सांघिक प्रकारात तिनं कांस्यपदक घेतलं. ओढ संपताना वजन उतरलं नसतं, तर पायावर धनुष्य धरून स्थिर नेम धरणं किती अवघड झालं असतं. मिसुरीच्या शिकाऱ्यानं हरणासाठी वाकडं केलेलं चाक इथवर पोचलं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे. आतापर्यंत ऑलिंपिकमध्ये कंपाउंडला जागा नव्हती.

धनुष्य घरी आणलं की सांभाळायचं कसं, यावर एकच सांगतो. मे महिन्यात नागपुरात किंवा सोलापुरात बंद गाडीत ते ठेवू नका. तापलेल्या दोऱ्या ताणल्या जातात, कॅम एकमेकांपुढे-मागे होतात, पीप फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कालच्याच पद्धतीनं सोडलेला बाण मध्य सोडून लाल वर्तुळात जातो. मग माझ्यासारखे साइटचे स्क्रू फिरवत बसाल.

माझं २९ इंचांचं ते धनुष्य तीन वर्षं कपाटावर पडून होतं. मग सरावाला एक उंच पोरगा यायला लागला. पहिल्याच दिवशी मी त्याला हात पसरायला सांगितले आणि टेप लावली. बहात्तर-साडेबहात्तर इंच. धनुष्य खाली काढलं, दोरीला मेण लावलं, त्याच्या हातात दिलं. त्यानं शांतपणे ओढलं, कोपर किंचित मोकळं, दोरी नाकाच्या शेंड्याला टेकलेली. तीन मीटरवरच्या गवताच्या गठ्ठ्यात बाण गेला आणि त्याच्या हातावर वळ उठला नाही.